शांत खोलीतलं पोट

लाल ठोकळा बादलीत टपकन पडला आणि काचेपलीकडे बसलेल्या ताईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी अजून बटण दाबलंच नव्हतं.

"काय ऐकलंस गं, राणी?" ठोकळेवालीनं विचारलं.

छोट्या खुर्चीवर ताठ बसलेल्या दोन शेंड्यांच्या मुलीला खेळ पक्का समजला होता. ठोकळा गालाला लावून बसायचं, आणि भिंतीतल्या स्पीकरमधून बारीकसा जरी आवाज आला तरी तो बादलीत टाकायचा. तिनं बोट उचललं आणि शेजारी स्टुलावर बसलेल्या ठोकळेवालीच्या पोटाकडे रोखलं.

"मावशी, तुझ्या पोटात कुणीतरी दार वाजवतंय."

कोपऱ्यातल्या तिच्या आईनं हसू दाबायला तोंडावर हात धरला. काचेपलीकडून ताईंचा आवाज माइकमधून आला, "पोरीचं बरोबर आहे. मलाही इथवर ऐकू आलं. दे तिला ठोकळा परत, हा धरायचा नाही."

ठोकळेवाली हसली. न हसून सांगते कुणाला? कान तपासायची ती खोली होतीच तशी. भिंतींवर करड्या स्पंजचे उंचवटे, दार तिजोरीसारखं जाड. ते लोटलं की बाहेरचं जग पुसून जायचं आणि माणसाला स्वतःचा आवंढासुद्धा ऐकू यायचा. दिवसभर बसायचं अशा खोलीत, आणि पोट मात्र असं नशिबी आलेलं की रिकामं असलं तर कुरकुरायचं आणि भरलं तर भांडायचं. लहान मुलांच्या शेजारी बसून खेळ चालू ठेवायचा, हे तिचं काम. मशीनवर ताई. मुलांनी तिला ठोकळेवाली मावशी म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनीच ते नाव उचललं.

एक युक्ती तिनं आपली आपणच शोधून काढली होती. स्पीकरमधून आवाज आला रे आला, की पोट आत ओढून घट्ट धरायचं. आतली गडबड तेवढ्यापुरती तरी गप्प बसायची. आता ते करावं लागत नसे, आपोआपच व्हायचं. आवाज आला की पोट आवळलं, आवाज थांबला की सुटलं.

दोन शेंड्या पास होऊन, बक्षिसाचा चिकट तारा कपाळावर लावून घेऊन गेल्या. मग आला एक दोन-अडीच वर्षांचा, आईच्या गळ्याला गच्च मिठी मारलेला. एवढ्या लहानांना खुर्चीवर एकटं बसवता येत नाही, त्यांना आईच्या मांडीवरच घ्यावं लागतं. आणि इथेच खरी गोम असते. आवाज आईलाही ऐकू येतो. आईचा श्वास अडकतो, मांडी हलते, हाताची मिठी केसाएवढी घट्ट होते, आणि पोराला तेवढं पुरतं. कानानं काही कळलेलं नसतं, पण ठोकळा बरोबर पडतो. म्हणून आयांच्या कानांवर जाड हेडफोन चढवायचे आणि त्यात गाणी लावून द्यायची. त्या हेडफोनना खात्यात सगळे 'झाकणं' म्हणत.

"हे घाला कानांवर," ठोकळेवाली तोंडपाठ झालेलं बोलली. "आणि पोट ढिलं ठेवा. श्वास रोखायचा नाही. त्याला शाबासकी द्यायला मी आहे, तुम्ही द्यायची नाही. आपण खुर्ची आहोत असं समजा."

"खुर्ची?" ती बाई घाबरून हसली.

"खुर्चीला कुठे काळजी असते? तसंच बसायचं."

ती बाई खुर्ची काही होऊ शकली नाही. कुणीच होत नाही. तिच्या कपाळावर घाम आला, आणि त्या घामाचा पत्ता ठोकळेवालीला चांगला ठाऊक होता.

दुपारी दोघी मागच्या छोट्या खोलीत डबा घेऊन बसल्या. ताईंच्या डब्याचं झाकण उघडताच लसणीचा वास सुटला, आणि ठोकळेवालीनं आपला डबा उघडला तेव्हा कसलाच वास आला नाही. मऊ भात, उकडलेलं गाजर, मीठ नावापुरतं. दूध बंद, डाळी बंद, कांदा-लसूण बंद, तळलेलं तर नावही काढायचं नाही. पोटाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं होतं, "आत काही नाही. पोट नाजूक आहे आणि तुम्ही काळजी फार करता." मग आहार ठरवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी एकेक पदार्थ काढून टाकत तिचं ताट पार पुसून काढलं. शेवटी तिनं भीत भीत विचारलं होतं, "साधं सोडावॉटर चालेल का? साखर नसलेलं?" बाई म्हणाल्या, "काहींना मानवतं, काहींचं पोट फुगतं. घोट घोट घ्या, नळीनं ओढू नका. त्रास झाला तर बंद करा. तुमचं पोट तुम्हालाच कळणार."

त्रास व्हायचा. थोडासा. पोट ढोलासारखं तट्ट व्हायचं, मग एखादा ढेकर आला की अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायचं. पण त्या बेचव दिवसांत तेवढी एकच गोष्ट तिला उलट बोलायची. जिभेला चावायची, नाकात झिणझिण्या आणायची. बाटलीचं बूच फिरवलं की फस्स व्हायचं, आणि तिला वाटायचं, चला, कुणीतरी एक सुस्कारा टाकला.

"झालं सुरू," ताई म्हणाल्या. "ओत बुडबुडे. दुपारच्या पेशंटना तुझ्या पोटातलाच बँड ऐकव, माझी मशीन मी विकून टाकते."

"ताई, हे सोडलं तर माझ्याजवळ खायला-प्यायला उरलंय काय?"

"माझी भाजी उरलीय. पण ती तुला चालत नाही." ताईंनी घास गिळला आणि जरा आवाज उतरवला. "चिमी काय म्हणते?"

ठोकळेवालीनं बाटलीचं बूच लावलं, परत काढलं. "काही म्हणत नाही. हाच तर प्रश्न आहे ना."

चिमी तिची मुलगी. तीन वर्षांची झाली होती, आणि तिच्याजवळ सगळा मिळून एक 'म्म' होता. भूक लागली तरी म्म, चंद्र दिसला तरी म्म. हाक मारली की कधी वळायची, बऱ्याचदा नाही. खेळायला बसली की बाजूला छप्पर पडलं तरी हिचं चित्त जागेवर. सहा महिन्यांपूर्वी तिलाही याच खोलीत आणलं होतं, ठोकळेवालीच्या मांडीवर बसवून ताईंनी स्वतः तपासलं होतं. अगदी बारीक आवाजापर्यंत चिमीनं एकही ठोकळा चुकवला नव्हता.

"कान तर चोख आहेत," ताई म्हणाल्या. "काय सुरेख खेळली होती. आणि त्या दिवशी तर तुझ्या पोटानंही शिस्त पाळली होती. एकदा म्हणून हूं की चूं नाही."

"हो ना," ठोकळेवाली म्हणाली. "कान चोख आहेत."

हे वाक्य सहा महिने ती धरून होती, बुडणाऱ्यानं फळी धरावी तसं. आणि तीच फळी तिला खाली ओढत होती. कान चोख आहेत, मग पोर वळत का नाही? बोलत का नाही? कान नाही तर मग काय? त्या 'मग काय'पाशी आलं की पोटात गोळा उठायचा, आणि कुठलाही डॉक्टर तो गोळा फोटोत पकडू शकत नव्हता. बालरोगतज्ज्ञांनी तिच्या कानांच्या तपासणीचा कागद बघून सांगितलं होतं, "ऐकू येतंय म्हणता? मग हिच्या डोक्याच्या तपासण्या कराव्या लागतील." ते तारीख देणार होते. तारखेच्या फोनची वाट बघत ती जगत होती, आणि फोन वाजला की उचलत नव्हती.

रविवारी दुपारी घरात सगळे होते. नवरा सामान पोचवायची गाडी चालवायचा. आठवडाभर रस्त्यावर, म्हणून रविवारी तो जमिनीवर पाय पसरून बसायचा आणि चिमीला पोटावर घसरगुंडी करू द्यायचा. सासूबाई खिडकीशी बसून गाजरं किसत होत्या.

"आई, ताट घ्या ना जरा," ठोकळेवाली म्हणाली.

"आलं हिचं रविवारचं," सासूबाई पुटपुटल्या, पण उठल्या. दर रविवारी हे व्हायचं. कुणाला पटो न पटो, ठोकळेवालीला आठवड्याचा धीर इथूनच मिळायचा. ती चिमीला मांडीवर घेऊन बसायची, समोर प्लास्टिकची वाटी आणि हातात रंगीत ठोकळे. सासूबाई पाठीमागे दाराआड उभ्या राहून चमच्यानं स्टीलच्या ताटावर टिचकी मारायच्या.

टिंग. चिमीनं गालाजवळचा ठोकळा वाटीत टाकला.

जरा थांबून, अगदी हळू, टिंग. टाकला.

"बघा," ठोकळेवाली म्हणाली. आवाजात रडू आणि विजय एकदमच होते. "बघा, किती बारीक ऐकते."

"अगं, बोलेल ती," नवरा म्हणाला. "मीसुद्धा उशिराच बोललो. विचार आईला."

"उशिरा बोललास," दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "पण हाक मारली की धावत यायचास. खाऊचा डबा उघडला तर वरच्या मजल्यावरून यायचास."

आत कुकरची शिटी झाली, सासूबाई ताट-चमचा ठेवून गॅस बंद करायला गेल्या. नवऱ्यानं मोबाइल उघडला. ठोकळेवालीनं बाजूची बाटली उचलून सोड्याचा घोट घेतला, मग आणखी एक. घशात काटे उभे राहिले. चिमी मांडीवरच होती, पाठ तिच्या पोटाला टेकवून, निळा ठोकळा गालाला लावून. खेळ संपला हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ढेकर वर आला. सासूबाईंना ढेकरांचा तिटकारा होता. सून ढेकर देते म्हणजे घर बुडतं, असं त्या अर्ध्या थट्टेत म्हणायच्या. ठोकळेवालीनं सवयीनं पोट आत ओढलं आणि तो दाबून टाकला.

निळा ठोकळा वाटीत पडला.

तिला हसू आलं. "अगं वेडे, आजी गेली ना आत." तिनं ठोकळा उचलून परत चिमीच्या हातात दिला. चिमीनं तो गालाला लावला आणि वाट बघत राहिली. घरात कसलाच आवाज नव्हता. कुकर थंड होत होता.

हसू तिच्या ओठांवरच वाळलं. तिनं हळूच, मुद्दाम, पोट आवळलं.

ठोकळा वाटीत.

परत दिला. सोडलेलं पोट तिनं बराच वेळ सोडलेलंच ठेवलं. चिमी ठोकळा धरून स्वस्थ. आवळलं. ठोकळा वाटीत. चिमीनं मान मागे टाकून तिच्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. बरोबर ना?

"आई," ठोकळेवालीनं हाक मारली. आवाज तिचाच होता, पण कुठून तरी लांबून आल्यासारखा. "आई, ताट घ्या परत. जोरात वाजवा."

"आता काय झालं?"

"वाजवा ना!"

टिंग झालं. तिनं पोट ढिलं ठेवलं. सगळ्या आयांना शिकवायची तसं, श्वास चालू, मांडी सैल, हात सैल. चिमीनं ठोकळा धरूनच ठेवला.

"आणखी जोरात."

टण्ण.

"आणखी!"

सासूबाईंनी आतून पळी आणली आणि ताटावर हाणली. नवरा दचकून उठून बसला. खिडकीबाहेरचं कबूतर उडालं. चिमी ठोकळ्यावरचा रंग नखानं खरवडत होती. सासूबाई हाणत राहिल्या, एकदा, दोनदा, किती वेळा कुणास ठाऊक, आणि हाणता हाणता दाराआडून पुढे आल्या. मग चिमीला आजी दिसली. हातात पळी, डोळ्यांत पाणी. तिला तो नवा खेळ वाटला. ती टाळ्या वाजवून म्हणाली, "म्म!"

"पुन्हा कर," नवरा म्हणाला. "असं कसं? आत्ता तर टाकत होती. तू काहीतरी चुकतेयस. पुन्हा कर." तो दोघींच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि गाडीवरून माणसाला हाक मारावी तसा ओरडला, "चिमे!" मग आणखी जोरात. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज मध्येच फाटला. त्यानं चिमीच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा ती लगेच वळली आणि बाबाच्या नाकाला ठोकळा लावला.

ठोकळेवाली हलली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे ती सहा महिन्यांपूर्वीची दुपार उभी होती. जेवणानंतर बाटलीभर सोडा पिऊन ती आत गेली होती, भीतीनं तोंडाला कोरड पडली होती म्हणून. ताईंनी झाकणं पुढे केली होती आणि तिनं हातानं बाजूला सारली होती. "मला कशाला? मी काय पहिल्यांदा बसतेय इथे? मला कळत नाही का कसं बसायचं?" ताई म्हणाल्या होत्या, "तेही खरंच." मग दार लागलं, आणि आवाज आला, आणि पोटातली गडबड चाचणी बिघडवील म्हणून तिनं पोट घट्ट आवळलं. प्रत्येक आवाजाला. अगदी शेवटच्या, मुंगीच्या पावलांएवढ्या आवाजालासुद्धा, कारण तो तिला ऐकू येत होता. तिचे कान चोख होते. त्या कागदावर ताईंनी काढलेली ती सुरेख रेघ चिमीची नव्हतीच, तिची स्वतःची होती.

आणि पोरीनं काय केलं? आईच्या पोटाला पाठ लावून तिनं जगातला एकच निरोप पकडला आणि तो कधी चुकवला नाही. सहा महिने. दर रविवारी.

तिनं ते दोघांना तुटक तुटक सांगितलं. "त्या मेल्या बुडबुड्यांनी घात केला," सासूबाई म्हणाल्या. पळी अजून त्यांच्या हातात होती. "मी म्हणत होते, नको पीत जाऊस."

"बुडबुड्यांनी नाही, आई." ती एवढंच म्हणाली.

नवरा तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं, आता हा बोलेल. बोलायलाच हवं होतं त्यानं. तू तिथे काम करतेस, दुसऱ्यांची पोरं तपासतेस. पण त्यानं खाली सांडलेले ठोकळे एकेक करून वाटीत भरले आणि विचारलं, "उद्या घेतील का लगेच?"

"घेतील. सकाळी पेशंट यायच्या आत."

"मग गाडी मी उद्या उशिरा काढतो."

सकाळी तिच्या घशाखाली पावाचा तुकडा उतरेना. चहा कधीचाच बंद होता. चपला घालताना तिनं पिशवी उचलली तर ती जड लागली. आत सोड्याची बाटली होती, फडक्यात गुंडाळलेली, गार.

"राहू दे," सासूबाई तिच्याकडे न बघता चिमीच्या बुटांचे बंद बांधत म्हणाल्या. "पोटात काहीतरी हवं माणसाच्या. तुला तेवढंच उतरतं."

ताईंनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी आग्रह धरायला हवा होता," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणी असती तर घातलीच असती झाकणं. तू होतीस म्हणून..." मग त्या उठल्या. त्यांचा आवाज पुन्हा मशीनवरच्या ताईंचा झाला. "चल. आज चिमीजवळ स्टुलावर मी बसते. आजींना कोपऱ्यात बसवू, बाबा बाहेर थांबतील. मशीनवर दुसऱ्या कुणाला तरी बोलावते."

"मशीनवर मी बसते."

"उगाच हट्ट करू नकोस. आज तू आई म्हणून आलीयस."

"बटण दाबायला काय लागतं, ताई? मला बघायचंय. पहिल्यापासून."

ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि खुर्चीवरची आपली शाल उचलून घेतली.

जाड दार लागलं. काचेपलीकडे चिमी छोट्या खुर्चीवर बसली, कोपऱ्यात सासूबाई कानांवर झाकणं चढवून देवळातल्या मूर्तीसारख्या ताठ. ताईंनी चिमीच्या हातात पिवळा ठोकळा दिला. चिमीनं तो गालाला लावला. खेळ तर तिला येतच होता.

ठोकळेवालीनं बटण दाबलं. दोन शेंड्यांच्या मुलीनं काल-परवा सहज टिपला होता तेवढाच आवाज. चिमी बसून राहिली. तिनं चकती फिरवून आवाज वाढवला, दाबलं. नाही. आणखी वाढवला. नाही. चिमी मान उंच करून काचेतून तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याकडे नाही. मशीनचं टेबल छातीपर्यंत येत होतं, आणि चिमी खुर्चीवरून अर्धवट उठून त्या टेबलाच्या कडेखाली काहीतरी शोधत होती. ताईंनी तिला हळूच खाली बसवलं.

आणखी. चकती आता तिथे होती जिथे ताई एरवी आजोबा लोकांसाठी नेत असत, कानात बोट घालून 'हां हां, आता कुठे' म्हणणाऱ्यांसाठी. काचेच्या अलीकडेसुद्धा तो आवाज बारीक जाणवायला लागला. नाही. सासूबाईंनी झाकणांतून काही ऐकलं असावं, त्यांनी डोळे मिटले.

तिनं आणखी एक टप्पा वाढवला आणि बटण दाबून धरलं.

चिमीनं वळून बघितलं. ताईंकडे नाही, आजीकडे नाही. भिंतीकडे, स्पीकरकडे. तिच्या भुवया गोळा झाल्या. ओळखीचं नसलेलं कुणीतरी दारात आल्यावर बघतात तशी ती क्षणभर त्या करड्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं ठोकळा गालावरून काढला आणि बादलीत टाकला.

टप्प.

ताई काचेकडे वळून मान हलवत होत्या. पुन्हा, त्या मानेनंच सांगत होत्या, त्याच ठिकाणी पुन्हा. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा टप्प. समोरच्या कोऱ्या कागदावर तिनं खूप खाली, अगदी कमी ऐकणाऱ्यांचे गोल पडतात तिथे, एक गोल काढला. गोल वेडावाकडा आला, पण जागेवर आला. अशा गोलांना कोणती यंत्रं लावायची, मोठ्या इस्पितळात झोपेतली तपासणी कुठे होते, किती लवकर गेलं तर किती शब्द हाती लागतात, हे सगळं ती रोज दुसऱ्या आयांना सांगायची. पाणी द्यायची त्यांना आधी.

बाकीच्या जाड-बारीक आवाजांचंही झालं. दार उघडलं आणि चिमी धावत आली, हातात एक ठोकळा तसाच. तिला उचलून घ्यावं लागलं नाही. ती आपली आपणच मशीनच्या खुर्चीवर चढली, आईच्या मांडीत बसली, पाठ पोटाला टेकवली आणि ठोकळा गालाला लावला. तिकडच्या खेळात मजा नव्हती. हा तिचा खरा खेळ.

दारात नवरा उभा होता. ताई त्याला खांद्याला धरून बाजूला घेत होत्या. पिशवीतल्या बाटलीतला वाटेत घेतलेला घोट पोटात होता, तो आता गुरगुरला. त्या शांत खोलीच्या तोंडाशी सगळ्यांना ऐकू गेला असेल. हुंदका घशापर्यंत आला, आणि तिच्या लक्षात आलं की रडायचं म्हटलं की पहिल्यांदा पोटच आवळतं.

चिमी वाट बघत होती, ठोकळा गालाला लावून, कमालीच्या विश्वासानं.

तिनं श्वास आत घेतला आणि हळूहळू सोडला. मांडी ढिली, हात ढिले, पोट ढिलं. आणि ती बसून राहिली, खुर्चीसारखी.